समासातला प्रश्न

दहावीच्या मराठी कृतिपत्रिकेत रसग्रहण आणि स्वमत हे प्रश्न मुलांनी स्वतःचं वाचन मांडावं म्हणून ठेवलेले आहेत. पण गाईडमधली पाठ केलेली वाक्यं सर्वांत जास्त उतरतात ती नेमकी तिथेच. हा मुलांचा आळस आहे असं मला वाटत नाही. त्यांचं लेखन वाचणारा एकच, तो म्हणजे तपासनीस. आणि तो गुण देऊन पुढे जातो. ‘असं का म्हणतेस?’ असं विचारणारं कुणी नसेल, तर स्वतःचं मत घडवायचं तरी कशासाठी? ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या शाळा-कॉलेजांनी साहित्यावरचं लेखन गूगल डॉक्ससारख्या सामायिक फाइलमध्ये करून पाहावं, असं मी म्हणतो ते याचसाठी. तिथे मुलांना खरा वाचक भेटतो.

गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ घेऊ. १९७० साली आलेल्या आणि १९७२ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या पुस्तकात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा आहे. जानेवारी १९४५ मध्ये या लढ्यामागच्या किसान सभेचं अधिवेशन भरलं ते टिटवाळ्याला, म्हणजे आसनगावहून कल्याणला जाताना लोकल थांबते त्याच गावी. समजा, शहापूर तालुक्यातल्या खर्डीच्या मुलीने लिहिलं, ‘जमीनदार आदिवासींवर अन्याय करत.’ मुरबाड तालुक्यातल्या टोकावड्याचा मुलगा समासात विचारतो, ‘अन्याय म्हणजे नेमकं काय करत? पुस्तकातला एखादा प्रसंग सांग.’ आता तिला पुस्तक पुन्हा उघडावंच लागतं. तिसरं कुणी घरात ऐकलेली वेठीची हकिकत जोडतं आणि पुस्तकातलं चित्र तिच्याशी कुठे जुळतं, कुठे जुळत नाही, याची चर्चा सुरू होते. मोघम विधानाच्या जागी आधार असलेलं विधान येतं. समीक्षा म्हणतात ती इथूनच सुरू होते. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे ही दोन मुलं एरवी एका वर्गात बसण्याची शक्यता फारच कमी.

यावर पहिली शंका असते ती नकलेची. पण वहीत कुणाचं वाक्य कुठून आलं ते कळत नाही. या फाइलमध्ये मात्र कोणी, केव्हा, काय बदललं याची नोंद राहते. एका दमात येऊन पडलेला सबंध परिच्छेद शिक्षकाला लगेच दिसतो. दुसरी शंका जास्त गंभीर आहे: हुशार मुलं लिहितील आणि बाकीची गप्प राहतील. म्हणून दुसऱ्याच्या मजकुरात हात घालायची मुभाच देऊ नये. फक्त टिप्पणी करता येईल अशी सोय त्यात आहे. तीच वापरावी आणि टिप्पणी प्रश्नाच्या रूपात असावी. शुद्धलेखनाच्या चुका काढणं शेवटच्या फेरीसाठी राखावं, नाहीतर घरी कातकरी किंवा ठाकरी बोलणारं मूल पहिल्याच ओळीला लिहायचं थांबेल.

राहिला प्रश्न फोन आणि रेंजचा. ही अडचण खरी आहे. पण शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा संदीप गुंड यांच्या प्रयत्नांतून डिजिटल शाळा म्हणून राज्यभर ओळखली गेली, तेव्हाही पाड्यांवर सगळं सुरळीत नव्हतंच. चार मुलांत एक फोन चालतो. फाइल आधी ऑफलाइन ठेवली तर रेंज नसतानाही लिहिता येतं. २०२० च्या टाळेबंदीत फोन शिक्षणात आला, पण बहुतेक ठिकाणी त्याचं काम प्रश्न पाठवणं आणि वहीचा फोटो मागवणं एवढंच राहिलं. तपासनीस तोच होता, फक्त लांब गेला होता. परीक्षा हातानेच लिहायची आहे हे मान्य. म्हणून अखेरचा मसुदा वहीत उतरवावा. भाषेच्या विषयाला ८० गुणांच्या लेखी परीक्षेबरोबर २० गुणांचं अंतर्गत मूल्यमापन आहेच. त्यातले काही गुण दुसऱ्याला विचारलेल्या चांगल्या प्रश्नासाठी आणि त्या प्रश्नामुळे बदललेल्या परिच्छेदासाठी द्यावेत. ज्याला गुण मिळतात ते मुलं मनापासून शिकतात. मग विचार बदलण्यालाही गुण का असू नयेत?