न दिसणारे दुखणे



गेल्या महिन्यात आरोग्यविषयक एका लेखाचे भाषांतर करीत असता 'फायब्रोमायल्जिया' या शब्दापाशी माझी लेखणी अडली. तंतू, स्नायू आणि वेदना या अर्थाचे तीन तुकडे जोडून तो घडला आहे. 'स्नायुतंतुवेदना' असे लिहिले आणि लगेच खोडले. कारण या विकारात तंतूंना सूज नसते, स्नायू झिजत नाहीत. १९०४ साली विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टरांनी अशा दुखण्याला तंतूंचा दाह या अर्थाचे नाव दिले होते. पुढे दाह नाही असे कळले आणि ते नाव मागे पडले. आपल्या आज्यांना मात्र शब्दांची वाण कधीच नव्हती. ठणका, ठसठस, चमक, अंग मोडून येणे, अंग ठेचून निघणे!

हे सारे शब्द मी आमच्या शेजारच्या ताईंच्या तोंडून ऐकले होते, आणि खरे सांगायचे तर अर्धवटच ऐकले होते. हळदीकुंकवाच्या तयारीला त्या आल्या नाहीत तेव्हा 'यांचे नेहमीचेच' असे मी मनात म्हटले. रक्त तपासले, क्ष-किरण चित्रे काढली, सर्व ठीक. "रिपोर्ट तर चांगला आहे," हे यजमानांचे वाक्य ताईंना ठणक्यापेक्षा अधिक लागे. रात्रभर झोपूनही न गेलेला शिणवटा कोणत्या कागदावर उमटणार?

आजची समजूत अशी की, बिघाड असतो तो वेदनेची वर्दी देणाऱ्या मज्जासंस्थेत. ती इतकी हळवी होते की साध्या स्पर्शाचीही कळ व्हावी. १९९० च्या निकषांत शरीरावरील १८ ठिकाणे अंगठ्याने दाबून पाहत व त्यांपैकी ११ दुखली तर निदान होई. २०१० पासून ती अट नाही. तीन महिने वा अधिक काळ अंगभर दुखणे, थकवा, न लागणारी झोप, विसराळूपणा यांची नीट विचारपूस करून, दुसरे कारण नाही ना हे पाहून डॉक्टर निदान करतात.

ताई लातूर जिल्ह्यातल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गाव झोपले असता, ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती माणसांवर कोसळल्या. सुमारे दहा हजार माणसे गेली. ताई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. त्यांच्या घरातून दोघीच बाहेर निघाल्या. एवढेच त्यांनी मला सांगितले आणि मीही पुढे विचारले नाही.

असा आघात, विशेषतः बालपणीचा, सोसलेल्यांत हे दुखणे अधिक आढळते. पण येथे फार जपून बोलावयास हवे. आघात न सोसलेल्यांनाही ते होते. आणि ज्यांनी सोसला त्यांचे दुखणे म्हणून 'मनाचे खेळ' ठरत नाही. वेदना खरीच असते. १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने भिगवण येथे घरोघर जाऊन सांध्यांच्या व स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. कोणी दाराशी येऊन 'काय दुखते?' असे विचारणे हीच मला त्यातली मोठी गोष्ट वाटते.

मुळासकट घालवील असे औषध नाही. काही औषधांनी झोप व वेदना यांत उतार पडतो. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. सर्वांत भक्कम पुरावा आहे तो व्यायामाचा, पण बेताबेताने. बरे वाटले म्हणून एका दिवसात सारे घर धुऊन काढले की पुढचे चार दिवस अंथरूण ठरलेले; ताईंनी हे कितीदा तरी केले. आता त्या दहा मिनिटे चालतात, आठवड्याने दोन मिनिटे वाढवितात. मनावरील आघातासाठी समुपदेशनही घेतात. सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य चालते, ती मराठीतूनही मिळते.

चालायला आम्ही वसाहतीतल्या पाचजणी जातो. एकीचा गुडघा, एकीचे वैधव्य, माझे बैठे काम. 'आज बरे आहे ना?' असे विचारायचे नाही, एवढा एकच नियम, तोही ताईंनीच घातलेला. "बरं आहे म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर तुमची तोंडं उतरतात." त्याऐवजी आम्ही 'आज किती चालायचे?' असे विचारतो. दळणाचा डबा आता यजमान नेतात. हे आपोआप घडले नाही; डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून अर्धा तास समजावले, तेव्हा घडले.

३० सप्टेंबरच्या रात्री ताई झोपत नाहीत. गेल्या वर्षी आम्ही तिघी त्यांच्याकडे गेलो. दिवा लावून ठेवला होता. कोणी फारसे बोलले नाही. एकीने विणकाम आणले होते, मी मुद्रिते तपासत बसले. चार वाजून गेल्यावर ताई उठल्या, खिडकी उघडली आणि म्हणाल्या, "पोहे भिजवते. कांदा कोण चिरतंय?"