मायावी अरण्य

रुड्यार्ड किपलिंगच्या मोगलीचे अरण्य नकाशावर दाखविता येते. ज्या वैनगंगेचे नाव त्या कथांत येते, ती मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाट शहराजवळून वाहते आणि पुढे विदर्भात उतरते. असे असता डिस्ने कंपनीने याच कथेवर 2016 साली काढलेल्या चित्रपटात वैनगंगेचे पाणी नाही की तिच्या काठचे पान नाही. दिग्दर्शक जॉन फाव्रो यांनी मोगलीच्या भूमिकेतील मुलगा तेवढा खरा घेतला. पशू, वृक्ष, दऱ्या हे बहुतेक सारे संगणकावर निर्माण केले आणि चित्रण लॉस एंजलिसच्या स्टुडिओत उरकले. या करामतीस 2017 साली दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले. ते अयोग्य होते असे आम्ही म्हणत नाही. पशूंचे एकेक केस हलताना दाखविण्यास लागणारे कौशल्य सामान्य नव्हे.

चमत्काराशी आमचे वैर असण्याचेही कारण नाही. भारतीय चित्रपटाचा पायाच मुळी चमत्कारावर रचला गेला. दादासाहेब फाळके स्वतः जादूचे प्रयोग जाणत होते, आणि 1917च्या ‘लंकादहना’त व 1919च्या ‘कालियामर्दना’त त्यांनी कॅमेऱ्याच्या युक्त्यांचा मनमुराद उपयोग केला. ‘लंकादहना’त राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच पुरुष नटाने केल्या होत्या, तरी पडद्यावर राम प्रकटताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढून बसत, असे सांगतात. प्रभातच्या ‘संत तुकारामा’तही तुकोबांना न्यावयास विमान येते, पण तोवर विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा आणि गौरी यांची जिजाई यांचा संसार प्रेक्षकाने डोळे भरून पाहिलेला असतो. आमच्या दक्षिण कोकणातील दशावतारात तर एक बाकडे हेच सिंहासन आणि तोच पर्वत. उरलेले काम पाहणाऱ्याने करावयाचे असते, आणि तो ते आनंदाने करतो.

अलीकडे नेमके हेच काम प्रेक्षकाकडून काढून घेतले जात आहे. ओम राऊत यांच्या ‘आदिपुरुषा’ची पहिली झलक ऑक्टोबर 2022 मध्ये दाखविली गेली तेव्हा तीतील संगणकीय चित्रांची एवढी टवाळी झाली की जानेवारी 2023चे प्रदर्शन जूनपर्यंत लांबले. दुरुस्त्या झाल्या, टवाळी थांबली नाही. लंका, समुद्र, वानरसेना हे सर्व एकाच यंत्रातून निघाल्यावर कशालाच वजन राहत नाही. जेथे काहीही दाखविता येते तेथे काय दाखवू नये हा विचार करावयास कोणी थांबत नाही, हे आमच्या मते या रोगाचे मूळ आहे.

वाघाची गोष्ट वेगळी आहे, हे मान्य केले पाहिजे. अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या व सिंह यांना खेळासाठी शिकविण्यास केंद्र सरकारने 1998च्या अधिसूचनेने बंदी केली. ती उचितच होती. मुक्या जनावराला चाबकाने नाचविण्यापेक्षा संगणकाचा वाघ शतपटीने बरा.

हा विवेक राखून चित्रपट काढता येतो, याचा दाखला बालाघाटनेच दिला आहे. अमित मसुरकर यांचा विद्या बालन अभिनीत ‘शेरनी’ 2021 साली प्रदर्शित झाला. त्याचे बरेच चित्रण बालाघाटच्या जंगलांत झाले. यवतमाळ जिल्ह्यात नोव्हेंबर 2018 मध्ये गोळी घालून मारलेल्या अवनी वाघिणीची आठवण तो पाहताना झाल्यावाचून राहत नाही. यात वाघीण पडद्यावर फारच थोडा वेळ येते. दिसतात ते पावलांचे ठसे, गुरे चारावयास नेणारी भेदरलेली माणसे, खात्याचे कागद आणि वाघिणीची वाट अडविणारी तांब्याची खाण. बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची खाण खरोखरच आहे, आणि कान्हाच्या राष्ट्रीय उद्यानाचा एक भागही याच जिल्ह्यात आहे. अडचण खरी, म्हणून भीतीही खरी वाटते.

यावर कोणी म्हणेल, किपलिंगने तरी ते अरण्य कोठे पाहिले होते? त्याने ते स्वतः पाहिले नव्हते, असेच मानले जाते. परंतु लेखकाचे शब्द वाचकाला कल्पना करावयास लावतात. चित्र मात्र ‘हे पाहा, हे असेच आहे’ असे सांगते. ज्या मुलाने जंगल केवळ असे पाहिले, त्याला कान्हाचे खरे रान शांत आणि नीरस वाटेल, कारण तेथे तासन्‌तास काहीच घडत नाही. आणि जे नीरस वाटते ते खाणीखाली गेले तर हळहळणार कोण?

चित्रपटात प्राणी संगणकाने केलेला असेल तर तसे पडद्यावर सांगण्याचा प्रघात आपल्याकडे आहे. कोपऱ्यात ‘सीजीआय’ ही अक्षरे आपण पाहतोच. आमची सूचना एवढीच की, हा नियम नदी, डोंगर आणि अरण्य यांनाही लावावा, आणि चित्रण जेथे झाले त्या गावाचे व जिल्ह्याचे नाव अखेरच्या बारीक नामावळीत नव्हे, तर आरंभीच ठळक अक्षरांत द्यावे. डिस्नेच्या त्या चित्रपटाने लॉस एंजलिसची कबुली नामावळीच्या शेवटी दिली होती. तोवर प्रेक्षक उठून गेलेले होते.