उपाशी शिपाई आणि गावची पंगत

बदलापूरनजीकच्या चामटोलीस आप्तांकडे पंक्तीस बसण्याचा योग नुकताच आला. भोजनोत्तर सुपारी कातरताना गोष्ट निघाली लष्करातील खाण्यापिण्याची. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "कूतच्या वेढ्यात आपले शिपाई भुकेले राहिले, ते निव्वळ धर्मभोळेपणाने!" आम्हांस हे विधान अपुरे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

मेसोपोटेमियातील कूत-अल-अमारा येथे जनरल टाउनशेंड यांच्या फौजेस तुर्कांनी ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कोंडून धरिले. तीत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. धान्य सरत आले, तेव्हा घोड्याचे मांस शिध्यात देऊ केले. गोऱ्यांनी ते घेतले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी, हिंदू व मुसलमान दोहोंनीही, ते नाकारिले. त्यांस स्कर्व्हीने ग्रासले. धर्मगुरूंची संमती हिंदुस्थानातून आणविली, तरी पुष्कळांचा निग्रह एप्रिलपर्यंत सुटला नाही. सुटला तोवर देह खचले होते.

ज्या सरकारने माणसांची लढाऊ व बिनलढाऊ अशी जातवार वर्गवारी केली होती, त्याच्या अधिकाऱ्यांस याचे खापर हिंदी माणसाच्या स्वभावावर फोडणे सोपे गेले. उलट निकोलस गार्डनर या इतिहासकाराने २०१४ सालच्या आपल्या ग्रंथात या वेढ्यातील हिंदी शिपायाची बाजू समजून घेण्याचा यत्न केला आहे. शिपायास देवाइतकेच भय गावाचे होते. घरी परतल्यावर भाऊबंद वाळीत टाकतील, मुलींची लग्ने जुळणार नाहीत, ही त्याची चिंता. शास्त्राची संमती बिनतारी यंत्राने येऊ शकते. शेजाऱ्याची येत नाही!

हे आम्ही सांगितले, तेव्हा माजघराच्या दारातून घरच्या आजीबाईंनी विचारिले, "मग तो परत आला असता, तर गावाने त्यास पंक्तीस घेतले असते का?" कोणी उत्तर दिले नाही. पंक्तीचे नियम गावोगावी प्रतिष्ठित केले ते आमच्यासारख्या घरांनीच, हे सर्वांस ठाऊक होते. कोणाच्या अन्नावरून त्याचा कुळस्वभाव ठरविण्यापूर्वी, त्याच्या ताटाशी कोणाचा पहारा बसला आहे, हे वाचकांनी पाहावे. कदाचित तो पहारेकरी आपल्याच घरात सापडेल.