आमरीचें छायाचित्र : काय ठेवावें, काय कापावें

आषाढाचे पहिले दोनतीन सपाटे होऊन गेले, कीं नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्यावर रविवारीं गर्दी लोटते. धबधबे पाहावे, गरम कणसें खावीं आणि दिवेलागणीस घरीं परतावें, एवढाच बहुतेकांचा बेत. परंतु हल्लीं ज्याच्या त्याच्या खिशांत कॅमेरा असल्यामुळें या सहलींतून रानफुलांचीं चित्रेंही पुष्कळ घरीं येऊं लागलीं आहेत. त्यांत ज्यांना आतां सर्रास ऑर्किड म्हणतात त्या आमरींचीं चित्रें आम्ही कौतुकानें पाहतों, आणि बहुधा हळहळतों. निम्म्या चित्रांत हिरव्या पसाऱ्यांत एक पांढरा ठिपका तेवढा असतो. उरलेलीं इतकीं जवळून कातरलेलीं, कीं फूल कोणतें हेंच कळूं नये.

आमरीचें फूल जास्वंदीसारखें चोहोंकडून सारखें नसतें. त्यास बाहेरचीं तीन दलें व आंतल्या तीन पाकळ्या असतात. पैकीं एक पाकळी ओठासारखी पुढें आलेली, निराळ्याच घडणीची. कीटक पुष्कळदां याच ओठावर उतरतो. केसर एकजीव होऊन मधोमध एक लहानसा स्तंभ झालेला असतो, आणि पुष्कळ जातींत ओठाच्या बुडापासून एक पोकळ नळी मागें लोंबत असते. म्हणजे या फुलास तोंड आहे आणि शेपूटही आहे. त्याचें चित्र काढणें हें माणसाची तसबीर काढण्यासारखेंच काम आहे.

घाटमाथ्याच्या गवताळ उतारांवर जून-जुलैंत फुलणारी पांढरी हाबेनारिया घ्या. तिचें एकच वाटोळें पान जमिनीस चिकटून पसरलेलें असतें, आणि वीतभरही उंच नसलेल्या देंठावर एक ते तीनचार फुलें येतात. मंडळी उभ्यानेंच वरून चित्र घेतात. मग पान फुलाखालीं दडतें, नळी दिसतच नाहीं आणि हातीं पांढरा चुरगाळा लागतो. गुडघे मळले तरी चालतील, पण फुलाच्या उंचीवर उतरावें. पुढें घरीं आल्यावर चित्र कातरतांना पाकळ्यांच्या कडेला लागून चौकट आंवळण्याचा मोह होतो, तोही आवरावा. हाबेनारियाच्या जाती ओळखतांना नळीची लांबी, पाकळ्यांच्या चिरा व पानाची ठेवण हींच पाहावीं लागतात. तीं कापून उरलेलें चित्र जाणकाराकडे धाडणें म्हणजे नाकडोळे झांकून मुलीचा फोटो वरपक्षाकडे पाठविण्यासारखें आहे.

जवळून चित्र घेण्यांतली मुख्य अडचण खोलीची. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यानें फूल मूळ आकाराएवढें टिपावयाचें म्हटलें, तर भिंगाचें छिद्र एफ-१६ इतकें बारीक करूनही पुढचें-मागचें मिळून सुमारें २ मिलिमीटरच रेखीव येतें. तेव्हां सगळें फूल स्पष्ट यावें हा हट्ट सोडावा. ओठ व स्तंभ हीं दोन स्वच्छ असावींत. पाकळ्यांचीं टोकें विरलीं तरी बिघडत नाहीं. नळी दाखवावयाची असेल तर बाजूनें दुसरें चित्र घ्यावें. एकाच चित्रांत दोन्ही साधण्याच्या खटपटींत दोन्ही हातचीं जातात. उजेड ढगाळ असलेलाच बरा. फूल लहान व भोंवतीं गडद हिरवळ असली म्हणजे यंत्र फसतें आणि पाकळ्यांचा पांढरा रंग जळून जातो, म्हणून उजेड यंत्र सुचवील त्याहून थोडा कमी घ्यावा.

मोकळी जागा कोठें व किती सोडावी, याचा एक धडा नाशिककरांस घरचाच आहे. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले व नाशकांत १९४४ सालीं निवर्तलेले दादासाहेब फाळके यांनीं १९१२ च्या सुमारास कुंडींत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचीं चित्रें थोड्याथोड्या अवकाशानें एकामागून एक घेतलीं; तोच त्यांचा 'अंकुराची वाढ' हा लघुपट. कोंभ वर येईल तसा कॅमेरा हलवीत बसणें शक्य नव्हतें. रोप कोठवर जाईल याचा अदमास आधींच बांधून तेवढी रिकामी चौकट त्यांस सोडावी लागली असली पाहिजे. आमरीचा ओठ ज्या बाजूस वळला असेल त्या बाजूस अशीच थोडी जागा ठेवावी. कीटक तिकडूनच येणार!

सीतेची वेणी मात्र वेगळा हिशेब मागते. मे-जूनच्या सुमारास झाडाच्या फांदीवरून तिचा गुलाबी ठिपक्यांचा घोंस लोंबतो. आसामचें तें राज्यपुष्प. तेथें बिहूच्या दिवसांत मुली तें केसांत माळतात. हिला उभी चौकट हवी, आणि वरची फांदी कापतां कामा नये. फांदी गेली कीं वेणी अधांतरीं टांगलेली दिसते. शिवाय ही वनस्पती झाडावर राहते हेंही पाहणारास समजत नाहीं. अशा आमरींना बांडगूळ समजून ओरबाडणारे लोक अजून आहेत. वास्तविक आमरी झाडाचा रस पीत नाहीं, नुसता आधार घेते.

कातरण्याचा खर्चही ध्यानांत असावा. चित्राची लांबी व रुंदी निम्मी केली कीं १ कोटी २० लाख बिंदूंपैकीं ३० लाखच उरतात. इंचास ३०० बिंदु धरले तर त्यांतून साडेसहा इंच लांब व पांच इंच रुंद एवढाच चांगला ठसा निघेल. दिवाणखान्यांत लावण्यास तो लहानच म्हणावा लागेल, पण घरच्या संग्रहास पुरेसा आहे. म्हणून मोबाइलचें भिंग जिथवर स्पष्ट पाहूं शकतें तेथेंच थांबावें व राहिलेलें घरीं कातरावें. फुलाच्या अंगावर जाऊन धूसर चित्र आणण्यापेक्षां हें बरें.

आमचा खरा राग आहे तो निराळ्या कातरीवर. चौकट स्वच्छ दिसावी म्हणून कोणी भोंवतालचें गवत उपटतात, कोणी शेजारचीं रोपें तुडवितात, आणि चित्र मिळाल्यावर फूलही खुडून आणतात. रोज परडीभर फुलें देवास वाहणाऱ्या आमच्या घरांना फूल खुडण्यांत कांहींच वाटत नाहीं, हें खरें. पण कण्हेर उद्यां पुन्हां फुलते. या आमरीस वर्षाकांठीं एकदांच मोजकीं फुलें येतात. तिचें बीं धुळीसारखें बारीक. त्यांत अंकुराची शिदोरी नसते, योग्य बुरशीची गांठ पडली तरच तें रुजतें. अंजनेरीचा डोंगर २०१७ सालीं संवर्धन राखीव क्षेत्र ठरला, तरी पहारेकरी प्रत्येक रोपाशीं उभा राहूं शकत नाहीं. नको असलेली गवताची काडी चित्रांत आली तर एक पाऊल बाजूस सरावें; तेवढ्यानें न भागलें तर ती घरीं चौकटीबाहेर टाकावी.

मोबाइल पुष्कळदां चित्राबरोबर जागेची नोंदही ठेवतो. परक्यांस चित्र पाठवितांना ती काढून टाकावी, कारण कंद उकरून विकणारेही चित्रें पाहतात. आणि कातरलेल्या प्रतीबरोबर मूळ अखंड चित्र तारखेसह निराळें जपून ठेवावें.