साफ बोलणे, साफ तोड

आमच्याकडे छपाईसाठी आलेल्या एका अनुवादित लेखात ‘कॅनडातील स्पष्ट जंगले’ असे शब्द होते. जंगल दाट असते, विरळ असते, राखीव असते. स्पष्ट कसे असेल? मूळ ओळ काढून पाहिली, तर तिथे ‘क्लिअरकट’ होते. अनुवादकाने कोशातला पहिला अर्थ उचलला आणि तो पुढे गेला.

चूक त्याची एकट्याची नाही. ‘क्लिअर-कट’ हा शब्द आपण मराठीतच इतका वापरतो की त्याला दुसरा अर्थ असेल अशी शंकाही येत नाही. ‘मी त्याला क्लिअर-कट सांगितले’ म्हणजे आडपडदा न ठेवता, रोखठोक. या अर्थामागे कोरीव काम आहे. हत्याराने नीट कापलेली कड जशी डोळ्यांत भरते, तसा चेहरा, तसा मुद्दा. रेखीव नाकाबद्दलही इंग्रजीत हेच विशेषण येते. आपल्याकडचा ‘रेखीव’ मात्र सौंदर्यापाशी थांबला. कोर्टातल्या पुराव्याला कोणी रेखीव म्हणत नाही. तिथे निःसंदिग्ध, उघड, ढळढळीत असे शब्द आहेत आणि ते पुरेसे आहेत.

जंगलातल्या ‘क्लिअरकट’मध्ये हेच दोन तुकडे वेगळे काम करतात. इथे ‘क्लिअर’ म्हणजे मोकळे, रिकामे. ठरवलेल्या पट्ट्यातली लहान-मोठी सगळी झाडे एकाच फेरीत पाडायची. निवडक तोडीत खुणा केलेली झाडे जातात आणि बाकीचे रान उभे राहते. इथे उभे काही राहत नाही. वनशास्त्रज्ञ याचे कारणही देतात. अमेरिकेच्या वायव्येकडील डग्लस फरसारख्या झाडांची रोपे दाट सावलीत नीट वाढत नाहीत, त्यांना ऊन लागते. ठेकेदाराचे कारण सरळ आहे: यंत्र एकदाच न्यायचे, खर्च कमी. किंमत मोजतो तो डोंगरउतार. पावसाने माती सुटते, ओढे गाळाने भरतात, आणि पुन्हा लागवड झाली तरी एका वयाची, बहुधा एकाच जातीची झाडे उभी राहतात.

म्हणूनच या शब्दावरून रस्ते अडवले गेले आहेत. 1993 च्या उन्हाळ्यात कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटावर क्लेक्वॉट साउंडच्या जुन्या वर्षावनासाठी झालेल्या आंदोलनात आठशेहून अधिक लोकांना अटक झाली. आम्हाला मात्र त्याआधीचा एक खटला अधिक रोचक वाटतो, कारण तो जवळजवळ व्याकरणाचाच होता. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या मोनोंगाहेला राष्ट्रीय वनात सरसकट तोड सुरू झाली, तेव्हा विरोधकांनी 1897 चा कायदा पुढे केला. मेलेली, पक्व किंवा मोठी वाढ झालेली आणि खूण केलेली झाडेच विकावीत, असा त्याचा आशय. वनखात्याचे म्हणणे असे की ‘मोठी वाढ’ म्हणजे झाडांचा मोठा समूह. न्यायालय म्हणाले, नाही. एकेक झाड मोठे हवे. 1975 मध्ये अपील न्यायालयानेही हेच उचलून धरले आणि तिथली सरसकट तोड बेकायदा ठरली. पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने नवा वनकायदा करून ती पद्धत अटींसह पुन्हा मोकळी केली. जुन्या कायद्यातल्या तीन-चार शब्दांनी तोवर कुऱ्हाड अडवून धरली होती.

मराठीत या तोडीला काय म्हणावे? ‘जंगलतोड’ फार ढोबळ आहे. चोरून नेलेला एक सागही त्यात बसतो. ‘निर्वनीकरण’ तर चूकच, कारण तोडीनंतर त्या जागी पुन्हा झाडे येणार असतील तर आंतरराष्ट्रीय मोजणीत ती जमीन वनच धरली जाते. हा हिशेब पटो न पटो, अनुवादकाने शब्दाआडून निकाल देऊ नये. गंमत अशी, की दोन्ही अर्थ पेलणारा शब्द आपल्याजवळ आहे: साफ. अरबीतून फारसीमार्गे आला आणि इथलाच झाला. ‘साफ सांगितले’, ‘साफ नकार दिला’ आणि ‘अख्खे रान साफ केले’. निर्मळपणाचा अर्थ घेऊन आलेला हा शब्द ‘साफ विसरलो’पर्यंत पोचला, म्हणजे काही शिल्लक न राहण्यापर्यंत.

हा प्रश्न परदेशापुरताही नाही. महाराष्ट्र वनविकास महामंडळ 1974 मध्ये स्थापन झाले, आणि विदर्भात मिश्र जंगल सरसकट तोडून साग लावण्याच्या त्याच्या कामावर आजवर वाद होत आले आहेत. तिथले कामगार तोडीच्या पट्ट्याला ‘कूप’ म्हणतात. तोही फ्रेंचमधून इंग्रजीमार्गे आलेला, ‘कापणे’ या अर्थाचा शब्द. मोह, तेंदू, बेहडा असे काय काय त्या कुपात होते, हे ‘साग लागवड’ या दोन शब्दांत कळत नाही.

‘साफ’ दोन्ही अर्थ पेलतो, पण लेखनात ते वेगळे दिसलेले बरे. तेव्हा अनुवादकांना आणि वार्ताहरांना विनंती: बोलण्याबद्दल असेल तर ‘स्पष्ट’ किंवा ‘निःसंदिग्ध’ लिहा, झाडांबद्दल असेल तर ‘सरसकट तोड’. त्या लेखात आम्ही तेच छापले.