हातच्या काकणाला आरसा कशाला?

विद्यार्थी मित्रांनो, 'हातच्या काकणाला आरसा कशाला?' ही म्हण तुम्हांला मराठीच्या तासाला भेटली असेल. त्याआधी तीच म्हण तुम्ही घरी उर्दूत ऐकली असेल: 'हाथ कंगन को आरसी क्या?' जी वस्तू थेट डोळ्यांना दिसते, ती पाहण्यासाठी आरशाची गरज नाही, असा दोन्हींचा अर्थ. आज ही म्हण आपण एका यंत्राला लावून पाहू. ते यंत्र म्हणजे डीएसएलआर कॅमेरा.

लग्नात किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात छायाचित्रकाराच्या गळ्यात मोठा काळा कॅमेरा तुम्ही पाहिला असेल. त्याच्या पोटात एक छोटा आरसा तिरपा बसवलेला असतो. भिंगातून आलेला प्रकाश या आरशावर पडून वर वळतो आणि एका पैलूदार काचेतून फिरून छायाचित्रकाराच्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. ज्या छोट्या खिडकीला तो डोळा लावतो, तिला व्ह्यूफाइंडर म्हणतात. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि प्रकाश मागच्या सेन्सरवर पडतो. जुन्या कॅमेऱ्यात जे काम फिल्म करीत असे, ते आता सेन्सर करतो. म्हणजे गंमत पाहा! छायाचित्रकार पाहतो ते आरशातले चित्र आणि कॅमेरा टिपतो ते सेन्सरवरचे चित्र. ज्या क्षणी फोटो निघतो, नेमक्या त्याच क्षणी खिडकीत अंधार होतो.

'लाइव्ह व्ह्यू' या सोयीने हा आरसा बाजूला केला. लाइव्ह व्ह्यूचे बटण दाबले, की आरसा वर जाऊन तेथेच थांबतो. शटर उघडे राहते. सेन्सरवर पडणारे चित्र कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर दिसू लागते. सेन्सर जे पाहतो, तेच आपण पाहतो. ही सोय प्रथम ज्यांना फार हवी होती, त्यांत आकाशातील ताऱ्यांचे फोटो काढणारे लोक होते. अंधारात बारीकशा ताऱ्यावर खिडकीतून फोकस करणे फार अवघड असते. त्यांच्यासाठी २००५ साली कॅनन कंपनीने काढलेल्या एका खास कॅमेऱ्यात अशी मर्यादित सोय होती. २००६ साली ऑलिंपस कंपनीच्या ई-३३० या कॅमेऱ्यात ती अधिक पूर्ण रूपात आली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतही ती दिसू लागली. २००८ पासून डीएसएलआरवर चलच्चित्रही घेता येऊ लागले, ते याच सोयीमुळे. आरसा आड असताना ते शक्यच नव्हते.

तरीही काही जाणते छायाचित्रकार या सोयीला नाक मुरडतात. "खऱ्या छायाचित्रकाराचा डोळा खिडकीला लागलेला असतो. पडद्याकडे पाहून फोटो काढणे ही मोबाइलची सवय आहे," असे ते म्हणतात. त्यांच्या अनुभवाचा मी आदर करतो. पण त्यांचे हे म्हणणे मला पटत नाही. पडद्यावर चित्र पाहून, तपासून मग फोटो काढणे ही नवी सवय नाही. ती फार जुनी रीत आहे.

आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, हे तुम्हांला माहीत आहे. त्या संस्थानचे सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारी लाला दीनदयाल नावाचे नामवंत छायाचित्रकार होते. निजामांनी त्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब दिला होता. 'मुसव्विर' म्हणजे चित्र काढणारा, हे तुम्हांला सांगायला नकोच. त्या काळचा कॅमेरा लाकडी पेटीसारखा असे आणि तो तिपाईवर ठेवावा लागे. पेटीच्या मागे घासून दुधी केलेली काच असे. भिंगातून आलेले चित्र थेट त्या काचेवर उलटे उमटत असे. छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड घेई, काचेवरचे चित्र निरखून पाही, भिंग पुढे-मागे करी. समाधान झाले, की काचेच्या जागी रसायन लावलेली पट्टी बसवून फोटो घेई. आता सांगा, लाइव्ह व्ह्यूची रीत याहून फार वेगळी आहे का? चित्र जेथे टिपले जाणार, तेथेच ते आधी पाहायचे, हे तत्त्व दोन्हींत एकच आहे.

मग ही सोय कोठे उपयोगी पडते? जेथे वस्तू स्थिर आहे, हाताशी वेळ आहे आणि बारीकसारीक तपशिलाला किंमत आहे, तेथे. असे विषय आपल्या जिल्ह्यात थोडे नाहीत. अंबाजोगाईला यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याच्या काळातील, म्हणजे तेराव्या शतकातील शिलालेख आहेत. मराठवाड्यातील जुन्या मशिदी, दर्गे आणि किल्ले यांवर फारसी आणि अरबी लेख आढळतात. जुन्या घरांतील पेट्यांमध्ये निजामाच्या काळातील उर्दू कागद जपून ठेवलेले असतात. दगड ऊन-पावसाने झिजतो. कागदाला कसर लागते. आज जे वाचता येते, ते उद्या वाचता येईलच असे नाही. अशा वेळी चांगला फोटो हीच त्या लेखाची दुसरी प्रत असते.

पण फोटो अंधुक आला तर? आपल्या उर्दू लिपीचेच उदाहरण घ्या. 'हाल', 'खाल' आणि 'जाल' हे शब्द तुम्ही उर्दूत लिहून पाहा. नुक्ता नसेल तर हाल, म्हणजे अवस्था. वर नुक्ता दिला तर खाल, म्हणजे अंगावरचा तीळ. खाली नुक्ता दिला तर जाल, म्हणजे जाळे. एका ठिपक्यात एवढा फरक! फोटोत तो ठिपका पुसट झाला, तर पन्नास वर्षांनी वाचणारा माणूस काय वाचील?

येथे लाइव्ह व्ह्यू कामी येते. व्ह्यूफाइंडरमधून पाहताना आपोआप फोकस करण्याचे काम सेन्सर करीत नाही, कॅमेऱ्यातील एक वेगळा भाग करतो. त्याची जुळणी थोडी जरी चुकली, तरी फोकस किंचित पुढे किंवा मागे जातो. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकसची तपासणी सेन्सरवरच होते. शिवाय पडद्यावरचे चित्र पाच पट किंवा दहा पट मोठे करून पाहता येते. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवा, लेखातील एक नुक्ता पडद्यावर मोठा करा आणि तो स्वच्छ दिसेपर्यंत भिंगाची कडी हळूहळू फिरवा. नुक्ता स्पष्ट झाला, की मगच बटण दाबा.

याचे आणखीही फायदे आहेत. साध्या डीएसएलआरच्या खिडकीत चित्राचा सुमारे ९५ टक्के भागच दिसतो. पडद्यावर पूर्ण चित्र दिसते, त्यामुळे कागदाची कड कापली गेली का, हे आधीच कळते. पडद्यावर उभ्या-आडव्या रेघा आणता येतात, त्यामुळे ओळी तिरप्या येत नाहीत. दगडावरच्या कोरीव अक्षरांवर तिरपा प्रकाश पडला, की ती उठून दिसतात. एका मित्राने पांढरा पुठ्ठा धरून प्रकाश वळवावा आणि दुसऱ्याने पडद्यावर पाहून पुठ्ठा कोठे धरायचा ते सांगावे. बीडच्या कंकालेश्वर मंदिराभोवती पाणी आहे. त्या पाण्यातले प्रतिबिंब टिपायचे, तर कॅमेरा खाली पाण्याजवळ न्यावा लागतो. पडदा वळवता येणारा कॅमेरा असेल, तर त्यासाठी जमिनीवर आडवे पडण्याची गरज नाही.

आणि शिक्षक म्हणून मला सर्वांत मोलाचा वाटणारा फायदा वेगळाच आहे. व्ह्यूफाइंडरला एका वेळी एकच डोळा लागतो. पडद्याभोवती मात्र चार-पाच मुले उभी राहू शकतात. एक म्हणतो, "डावी बाजू काळी दिसते." दुसरी म्हणते, "ही ओळ सुटली." फोटो निघण्याआधीच त्याची चर्चा होते. शिकणे यालाच म्हणतात.

मात्र कोणतेही साधन सर्व कामांसाठी नसते. पाटोदा तालुक्यातील नायगावच्या अभयारण्यात धावणारा मोर टिपायचा असेल, तर डोळा खिडकीलाच लावा. बहुतेक डीएसएलआरमध्ये लाइव्ह व्ह्यू चालू असताना फोकस सावकाश होतो. तेवढ्यात मोर झुडपाआड जाईल! शिवाय पडदा सतत चालू राहिल्याने बॅटरी लवकर संपते. हात लांब करून कॅमेरा धरला, तर तो हलतो. काही कॅमेऱ्यांत पडद्यावर दिसणारा उजेड आणि फोटोतील उजेड जुळत नाहीत. म्हणून एक फोटो काढून तपासावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात भर दुपारी पडद्यावर काहीच दिसत नाही. त्या वेळी डोक्यावरून रुमाल किंवा ओढणी घ्या. दीनदयाल यांचे काळे कापड तरी दुसरे काय होते?

आज आरसा नसलेले कॅमेरे आले आहेत. कॅनन आणि निकॉन या दोन मोठ्या कंपन्याही २०१८ पासून आपल्या मोठ्या कॅमेऱ्यांतून आरसा काढून टाकू लागल्या. या कॅमेऱ्यांत डोळा खिडकीला लावला, तरी दिसते ते सेन्सरवरचेच चित्र. ज्या सोयीला लोक नाक मुरडत होते, तीच आता नेहमीची रीत झाली आहे. तुमच्या घरच्या मोबाइलच्या पडद्यावरही सेन्सरवरचेच चित्र दिसते. पण नुसते दिसणे पुरेसे नाही. थांबून पाहिले पाहिजे. पडद्यावर चित्र दिसताच बटण दाबणाऱ्याला आरसा असला काय आणि नसला काय, सारखेच!

२०२३ साली शासनाने मराठवाड्यातील निजामकाळच्या जुन्या नोंदी तपासण्याचे काम हाती घेतले. तेव्हा उर्दू आणि मोडी लिपीच्या जाणकारांची गरज भासली. मित्रांनो, उर्दू वाचणारे तुम्ही आहात. मराठीही तुम्ही शिकत आहात. तुमच्या गावातील एखादा जुना लेख, आजोबांच्या पेटीतील एखादा कागद याचा फोटो तुमच्याइतका चांगला कोण घेईल? ज्यांची वस्तू आहे, त्यांची आधी परवानगी घ्या. लेख उठून दिसावा म्हणून दगडावर खडू किंवा तेल लावू नका. त्याने दगड खराब होतो. कॅमेरा तिपाईवर ठेवा. तिपाई नसेल, तर टेबलावर पुस्तकांची चळत रचा. मग पडद्यावर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकेक नुक्ता वाचा. सगळे नुक्ते वाचता आले, तर बटण दाबा.