ड्रॉ फेअर आहे, पण धंदा?

गेल्या वर्षी आमच्या कॉलेज फेस्टमध्ये २० रुपयांच्या कुपनवर मोबाइल होता. लागला कुणाला? आयोजकाच्या रूममेटला! चिठ्ठी खरीच निघाली असेल, पण विश्वास कुणाचाच बसेना. तेव्हाच मी आणि माझ्या मित्रानं ठरवलं, आपण ऑनलाइन लकी ड्रॉ काढायचा, एकदम फेअर. पॉकेटमनीही सुटेल.

फेअर ड्रॉ तसा अवघड नाही. नंबर घातलेली यादी आधीच सगळ्यांसमोर टाकायची. आधी जाहीर केलेल्या दिवशी सेन्सेक्स ज्या आकड्यावर बंद होईल, त्यातला दशांशाचा टिंब काढायचा आणि त्याला एकूण नावांनी भागायचं. बाकी उरेल तो नंबर विजेता. बाकी शून्य आली तर यादीतला शेवटचा. सेन्सेक्स काही आपल्या हातात नाही आणि भागाकार कुणीही मोबाइलवर करून बघू शकतं.

मग हिशेब मांडला. १,००० जणांचे २० रुपये म्हणजे २०,००० जमा. फोन १२,००० चा. उरलेले ८,००० आमचे. म्हणजे २० रुपये देणाऱ्याच्या वाट्याला सरासरी १२ च. ड्रॉ कितीही स्वच्छ असो, तोटा त्याचाच. कारण तोच तर आमचा नफा!

वर कायदा आहेच. सरकारी किंवा सरकारनं परवानगी दिलेली लॉटरी सोडून दुसऱ्या लॉटरीची सोडत काढायला ऑफिस थाटलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. 'साइड प्रोजेक्ट होता' हे तिथे कोण ऐकणार?

मग आयडिया सोडायची का? मला नाही वाटत. म्हाडाच्या घरांची सोडत आठवा, आरटीईच्या शाळाप्रवेशाची आठवा. जागा कमी आणि मागणारे जास्त असले की सोडत लागतेच. तिथे लोकांना निकाल खरा आहे, एवढी खात्री हवी असते. आपल्याकडेही हॉस्टेलच्या रूम, वर्कशॉपच्या सीट्स, इन्स्टावरचे गिव्हअवे आहेतच की. आयोजकाकडून ठरावीक फी घ्यायची, भाग घेणाऱ्याकडून छदामही नाही. कमाई कमी होईल, पण ती कुणाच्या आशेवर नसेल.

आमची साइट अजून अर्धवट आहे. तोवर पुढच्या फेस्टमध्ये कुणी कुपन पुढे केलं, तर एवढंच विचारा, 'यादी कुठे लावलीये?'